मंदीत कमी केलेली माणसं सावरताना परत बोलवायची कशी?

सुलभा_नि | सोमवार, रात्री ९.४०

तीन दिवस हा विषय डोक्यातून जात नाहीये, म्हणून धागा काढते.

मी एका मध्यम आकाराच्या उत्पादन कंपनीत मनुष्यबळ विभाग सांभाळते. दीड वर्षापूर्वी आमच्या ऑर्डरी निम्म्यावर आल्या. आधी नवी भरती थांबवली, मग ओव्हरटाइम बंद केला, मग सगळ्यांच्या पगाराला १२ टक्के कात्री लावली. तरीही भागेना, तेव्हा २१० पैकी ४२ जणांना कमी केलं. ती यादी मीच टाइप केली होती.

आता वारं फिरलंय. दोन मोठी गिऱ्हाइकं परत आली. संचालकांनी परवा बोलावून सांगितलं, तीन महिन्यांत तीस माणसं हवीत. माझ्या मनात पहिला विचार आला तो आपल्याच माणसांचा. काम येतं, मशीन ओळखीचं, शिकवायला वेळ जाणार नाही. म्हणून तीन फोन केले. पहिल्याने दुसरीकडे नोकरी धरली आहे, चांगलं बोलला. दुसरीने माझा आवाज ओळखला आणि फोन ठेवला. तिसरे मेंटेनन्समधले, १९ वर्षं आमच्याकडे होते. नुसत्या आवाजावरून कुठलं बेअरिंग जायला आलंय ते सांगायचे. ते म्हणाले, "मॅडम, फोन केलात, बरं वाटलं. पण एक सांगा, पुढच्या वेळी ऑर्डरी कमी झाल्या की पहिलं नाव कोणाचं?"

मला उत्तर देता आलं नाही.

आत राहिलेल्या १६८ जणांची वेगळीच घालमेल आहे. त्यांचा पगार अजून कापलेलाच आहे, आणि बाहेरून नवा माणूस आणायचा तर त्याला जास्त द्यावा लागणार. ज्यांनी मंदी पाहिली आहे, मग टेबलाच्या अलीकडून असो की पलीकडून, त्यांनी कृपया लिहा. जुन्यांना परत बोलवावं का? बोलवायचं तर काय तोंडाने?

पाऊलवाट | सोमवार, रात्री १०.०५

वाचतेय. "पहिलं नाव कोणाचं" हा प्रश्न काळजात घुसला.

लेथवाला | मंगळवार, सकाळी ६.५०

सुलभाताई, मी पलीकडच्या बाजूचा आहे, म्हणून लिहितो.

अकरा वर्षं एका कारखान्यात होतो. २००९ मध्ये कमी केलं. कमी केल्याचा राग नाही, कारण काम खरंच नव्हतं. माझ्या मशीनवर दिवसाला दोन तासांचं काम उरलं होतं, ते मलाही दिसत होतं. राग आहे तो कसं केलं याचा. सकाळी गेटवर कार्ड लावलं, दिवा लाल. सिक्युरिटीवाला माझ्या ओळखीचा, त्याने मान खाली घातली. मग कळलं की माझ्यासकट सोळा जणांची कार्डं रात्रीच बंद केली होती. माझे मायक्रोमीटर आणि कॅलिपर, माझ्या पैशाने घेतलेले, आत ड्रॉवरमध्ये होते. ते मिळायला नऊ दिवस लागले. एका पुठ्ठ्याच्या खोक्यात, वर दुसऱ्याच माणसाचं नाव लिहिलेलं.

चौदा महिन्यांनी फोन आला. नवी मुलगी होती, आवाजावरून विशीतली वाटली. तिने विचारलं, "सर, तुम्हाला आमच्या कंपनीबद्दल काही माहिती आहे का?" तिचा काही दोष नाही. तिच्यापुढे नावांची यादी ठेवली होती, मी तिथे अकरा वर्षं काढलीत हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मी नाही म्हटलं. पगार जास्त देत होते, तरी नाही म्हटलं.

तुम्ही स्वतः फोन केलात ही मोठी गोष्ट आहे. ज्यांनी तुमचा फोन ठेवला त्यांच्यावर रागावू नका.

आकडेमोड | मंगळवार, दुपारी १.२०

लेथवालेदादांच्या प्रतिसादानंतर आकडे मांडायला संकोच वाटतो, पण मूळ मुद्द्याशी त्यांचा संबंध आहे.

२००८-०९ च्या मंदीत दोन देशांनी दोन वेगळे रस्ते धरले. अमेरिकेत बेरोजगारीचा दर डिसेंबर २००७ मध्ये ५ टक्के होता, तो ऑक्टोबर २००९ मध्ये १० टक्क्यांवर गेला. जर्मनीची अर्थव्यवस्था २००९ या एका वर्षात पाच टक्क्यांहून जास्त आक्रसली, म्हणजे अमेरिकेपेक्षा जास्तच, आणि तरी तिथली बेरोजगारी जेमतेम हलली. यामागे एक मोठं कारण होतं कुर्त्झआर्बाइट. कंपनी माणसाला काढत नाही, त्याचे तास कमी करते. कमी झालेल्या तासांचा जो निव्वळ पगार बुडतो, त्याचा ६० टक्के भाग सरकारी बेरोजगारी विमा भरून देतो, मुलं असतील तर ६७ टक्के. २००९ च्या मे महिन्यात सुमारे १५ लाख लोक या सोयीवर होते. शिवाय कंपन्यांनी स्वतःहूनही साठलेला ओव्हरटाइम सुट्ट्यांच्या रूपाने संपवला.

खरा फायदा दिसला तो सावरताना. ऑर्डरी परतल्या तेव्हा माणूस जागेवरच होता. जाहिरात नको, मुलाखत नको, "आमच्या कंपनीबद्दल माहिती आहे का" हेही नको. तास वाढवले की काम सुरू.

रोखठोक | मंगळवार, रात्री ८.१५

आकडेमोड, तुमचे आकडे बरोबर असतील, पण त्या व्यवस्थेत मागे सरकार उभं आहे. माझ्यामागे कोण होतं? माझं ३५ माणसांचं युनिट. मागच्या मंदीत माझ्या खात्यात सगळ्यांच्या अडीच महिन्यांच्या पगाराएवढे पैसे होते. उधारी अडकलेली, बँक मर्यादा वाढवायला तयार नाही. कोणालाच काढायचं नाही असं ठरवलं असतं तर तीन महिन्यांनी ३५ च्या ३५ रस्त्यावर आले असते, मीही.

मी आठ जणांना कमी केलं. स्वतः, एकेकाला, समोर बसवून. तीन रात्री झोप नव्हती. पण कोणाला ठेवायचं हे ठरवताना एक गोष्ट केली ती सांगतो, कदाचित कोणाच्या उपयोगी पडेल. सगळेजण "शेवटी आलेला आधी जाईल" किंवा "ज्याचा पगार जास्त तो जाईल" असं धरून चालतात. मी एका कागदावर नावं लिहिलीच नाहीत. आधी कामं लिहिली, तीसुद्धा फक्त एकाच माणसाला येणारी कामं. अमुक गिऱ्हाइकाच्या ड्रॉइंगमधली खोच कोणाला कळते, जुन्या प्रेसचं सेटिंग कोणाला जमतं, उधारी मागायला गेल्यावर कोणाचं ऐकतात. २३ कामं निघाली आणि ती नऊ जणांत वाटलेली होती. त्यातला एक पोरगा फक्त दोन वर्षांचा जुना होता. शेवटचा आलेला म्हणून गेला असता तर चार कामं बंद पडली असती.

सुलभाताई, तुमच्या मेंटेनन्सवाल्यांचं नाव त्या यादीत कसं आलं हे विचारलं तर चालेल का?

सुलभा_नि | मंगळवार, रात्री ९.३०

@रोखठोक, चालेल की. पगाराच्या रकान्यावर उतरत्या क्रमाने यादी लावली होती. ते वरून सातवे होते. त्यांना काय येतं याचा रकाना त्या तक्त्यात नव्हताच. आज तुमचा प्रतिसाद वाचून बसल्या बसल्या कामं लिहायला घेतली. एकट्या त्यांचीच सहा निघाली.

@लेथवाला, तुमचं खोकं डोळ्यांपुढून जात नाहीये. आमच्याकडे कार्डं बंद केली नव्हती, पण सामान घ्यायला लोकांना बरोबर माणूस देऊन पाठवलं होतं, हे आता आठवून लाज वाटते.

चक्रधर | मंगळवार, रात्री ११.००

रोखठोकांची अडचण खरी आहे, पण सरकार मागे नसतानाही तास कमी करण्याची उदाहरणं आहेत. १९७० च्या मंदीत ह्युलेट-पॅकार्ड या अमेरिकन इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत दहा टक्के माणसं कमी करण्याऐवजी सगळ्यांचा पगार दहा टक्के कमी केला आणि दर पंधरवड्याला एक शुक्रवार सुट्टी दिली. वरपासून खालपर्यंत सगळ्यांना सारखं. काही महिन्यांत ऑर्डरी आल्या आणि पुन्हा पूर्ण आठवडा सुरू झाला.

दुसरं उदाहरण वेल्डिंगची यंत्रं बनवणाऱ्या लिंकन इलेक्ट्रिकचं. १९५८ पासून तिथे रोजगाराची हमी आहे. तीन वर्षं झालेल्या माणसाला काम नाही म्हणून काढायचं नाही, आठवड्याला किमान तीस तासांचं काम द्यायचं. त्याच्या बदल्यात कामगाराने सांगितलं ते काम करायचं आणि तेजीत ओव्हरटाइमला नाही म्हणायचं नाही. १९८० च्या दशकातल्या मंदीत त्यांनी कारखान्यातल्या माणसांना विक्रीवर पाठवलं होतं. मला त्यातलं आवडतं ते हे की सौदा आधीच, तेजीतच ठरलेला आहे. संकट आल्यावर घासाघीस नाही. सुलभाताईंच्या १२ टक्के कपातीत लोकांना बदल्यात काय मिळालं? वेळ मिळाला का, की काम तेवढंच आणि पैसे कमी?

सुलभा_नि | बुधवार, सकाळी ८.१०

काम तेवढंच. खरं तर ४२ जण गेल्यावर जास्तच.

आकडेमोड | बुधवार, सकाळी १०.४०

चक्रधर, दुसरी बाजूही मांडतो. ट्रुमन ब्यूली नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीच्या मंदीत अमेरिकेच्या ईशान्य भागात तीनशेहून अधिक मालक, व्यवस्थापक, कामगार नेते यांच्याशी बोलून एकच प्रश्न लावून धरला: मंदीत मालक पगार का कापत नाहीत, माणसंच का काढतात? उत्तर मुख्यतः मनोधैर्याचं निघालं. कपात झाली की सगळेच नाराज, आणि ती नाराजी रोज कामावर येते. काढलेला माणूस आपलं दुःख घेऊन बाहेर जातो.

मालकाच्या जागेवरून हे पटण्यासारखं वाटतं. पण काढलेल्याचं दुःख खरंच बाहेर जातं का?

मागचा_बाक | बुधवार, दुपारी २.३०

नाही जात. मी मागे राहिलेल्यांपैकी आहे म्हणून सांगते.

आमच्या टीममध्ये अकरा जण होतो, सात राहिलो. पहिल्या दिवशी कोणी मोठ्याने बोललं नाही. कामाच्या मेलच्या कॉपीयादीत गेलेल्या चौघांची नावं तशीच होती, त्यामुळे प्रत्येक मेल पाठवला की चार मेल परत यायचे, "हा पत्ता अस्तित्वात नाही". ती यादी दुरुस्त करायचा अधिकार ज्याच्याकडे होता तो त्या चौघांतलाच. पाच आठवडे आम्ही ते परत आलेले मेल पुसत होतो.

मग काय होतं सांगते. माणूस कामावर येतो, पण जीव लावत नाही. कोणी सूचना करत नाही, कारण चूक दिसली तर पुढच्या यादीत नाव. कोणी दुसऱ्याला आपलं काम शिकवत नाही, कारण आपल्यालाच येतं हीच आपली सुरक्षितता. रोखठोकांचा तो एकाच माणसाला येणाऱ्या कामांचा कागद मंदीनंतर आणखी लांब होतो. आणि प्रत्येकजण गुपचूप आपला बायोडेटा नीट करून ठेवतो. सातांपैकी तिघे सावरायला लागल्याच्या पहिल्या चार महिन्यांत गेले. त्यात मीही होते. पगारासाठी नाही गेले. ज्या मीटिंगमध्ये "आता यापुढे कोणाला कमी करणार नाही" असं सांगितलं होतं, त्यानंतर सहा आठवड्यांनी आणखी दोघांना कमी केलं. त्या दिवसापासून तिथल्या कुठल्याच वाक्यावर माझा विश्वास बसेना.

"आम्हाला माहीत नाही, पण कळलं की त्याच दिवशी सांगू" एवढं म्हणाले असते ना, तर मी कदाचित राहिले असते.

आकडेमोड | बुधवार, दुपारी ३.०५

मागचा_बाक, तुमचा अनुभव अभ्यासाशी जुळतो. २००८ मध्ये ट्रेव्हर आणि नायबर्ग या दोघांनी दाखवलं होतं की एक टक्का माणसं कमी केली, तर पुढच्या वर्षी आपणहून नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण सरासरी ३१ टक्क्यांनी वाढतं. कपातीचा हिशेब करताना हा आकडा सहसा कोणी धरत नाही.

पाऊलवाट | बुधवार, दुपारी ३.२०

या धाग्याची प्रिंट काढून साहेबांच्या टेबलावर ठेवावीशी वाटतेय. आमच्याकडे उद्या "सर्वांसाठी महत्त्वाची बैठक" आहे.

लेथवाला | बुधवार, दुपारी ३.४५

@पाऊलवाट, धीर धरा. आणि तुमच्या मालकीची हत्यारं आजच घरी आणा :)

बॅच_२००९ | बुधवार, रात्री १०.२०

सगळे अनुभवी माणसांबद्दल लिहितायत. जे आत शिरलेच नाहीत त्यांच्याबद्दलही कोणीतरी लिहायला हवं.

माझ्या हातात ऑफर लेटर होतं. रुजू व्हायची तारीख तीनदा पुढे ढकलली, मग फोन उचलणंच बंद झालं. अकरा महिने घरी. नंतर मिळालं ते काम शिक्षणाशी संबंध नसलेलं, पण घेतलं. पुढे बाजार सुधारला तेव्हा कंपन्यांनी काय केलं? २०११ ची ताजी बॅच उचलली. आम्ही ताजे नव्हतो आणि अनुभवीही नव्हतो.

याचा परिणाम वर्षानुवर्षं राहतो. कॅनडातल्या पदवीधरांचा मोठा अभ्यास आहे. मंदीत बाहेर पडलेल्यांचा पगार सुरुवातीला सुमारे नऊ टक्के कमी असतो आणि ती तूट भरून यायला दहा वर्षांच्या आसपास लागतात. जपानमध्ये तर १९९० चं दशक आणि २००० च्या सुरुवातीची वर्षं यांना 'रोजगाराचं हिमयुग' म्हणतात. तिथे पदवी मिळतानाच एकगठ्ठा भरती होते, ती गाडी चुकली की आयुष्यभर तात्पुरत्या कामांवर. २०१९ मध्ये ताकाराझुका या शहराच्या महापालिकेने खास त्या पिढीसाठी तीन जागांची जाहिरात दिली, तर १८०० हून जास्त अर्ज आले. माणसं तेव्हा पस्तिशी-चाळिशीची झाली होती.

भरती करणाऱ्यांना एकच विनंती. बायोडेटात मंदीच्या वर्षांतली मोकळी जागा दिसली की "या काळात काय करत होतात?" हा प्रश्न ज्या आवाजात विचारता, तो आवाज बदला.

शोधयात्रा | गुरुवार, सकाळी ९.३०

मी भरतीच्या कामात आहे, आणि बॅच_२००९ यांचं म्हणणं मान्य करते. तो आवाज मीही काढलेला आहे.

मंदीत एका जागेला आठशे-नऊशे अर्ज येतात. एवढे वाचणं एका माणसाला अशक्य, मग चाळणी लावायची, आणि चाळणीत सगळ्यात सोपी म्हणजे "सध्या नोकरीत आहे का". मी ती दोन वर्षं लावली. नंतर कळलं की अमेरिकेत शंभर शहरांतल्या नोकऱ्यांसाठी सुमारे १२००० बनावट अर्ज पाठवून हेच तपासलं होतं. बेकारीचे महिने वाढतात तसे मुलाखतीचे फोन कमी होतात, पहिल्या आठ महिन्यांत तर झपाट्याने. त्यातली दुसरी गोष्ट मला जास्त पटली. जिथे बाजार वाईट होता तिथे हा भेदभाव कमी दिसला. म्हणजे "सगळेच घरी बसलेत, यात याचा काय दोष" हे भरती करणाऱ्यांनाही कळतं. बाजार सुधारला की मात्र विसरतात. त्यामुळे सावरण्याच्या काळात सगळ्यात जास्त मार खातो तो मंदीत अडकलेला माणूस.

मी चाळणी बदलली. आता एक छोटं प्रत्यक्ष काम देते, पाऊण तासात होईल असं, आणि नाव झाकून तपासते. मागच्या सहा भरत्यांपैकी दोघांना वर्षाहून मोठी गॅप होती.

एक प्रश्न माझाही. मंदीत मोठ्या हुद्द्यावरचा माणूस छोट्या जागेसाठी अर्ज करतो, त्याला घ्यावं का? माझे वरिष्ठ म्हणतात, बाजार सुधारला की उडून जाईल.

रोखठोक | गुरुवार, दुपारी १२.१५

घ्यावं! माझं युनिट आज उभं आहे ते अशा दोघांमुळे. एरवी माझ्या दारात पाऊल न टाकणारे दोन डिझाइनवाले मंदीत आले. मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं, तुमच्या आधीच्या पगाराच्या साठ टक्केच देऊ शकतो, बाजार सुधारला आणि जावंसं वाटलं तर एक महिना आधी सांगा, मी अडवणार नाही. एक दोन वर्षांनी गेला, जाताना त्याच्या जागी माणूस शिकवून गेला. दुसरा अजून आहे, आता भागीदार आहे.

मागचा_बाक | गुरुवार, दुपारी १.००

रोखठोक, तुमचं मोठेपण मान्य. पण सगळीकडे असं होत नाही. आमच्याकडे असे एक गृहस्थ आले, त्यांना ज्यांच्या हाताखाली बसवलं तो त्यांच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. दोघेही अवघडलेले. कोणीच काही बोललं नाही आणि ते पाच महिन्यांत गेले. नुसतं घेऊन भागत नाही, त्या दोघांना समोरासमोर बसवून आधी बोलावं लागतं.

चक्रधर | गुरुवार, रात्री ९.४५

थोडं मूळ प्रश्नाकडे येतो. तीन महिन्यांत तीस माणसं, हा आकडा संचालकांनी कशावरून काढला?

मला भीती वाटते ती वेगाची. १९९० च्या दशकात बोइंगने आधी मोठी कपात केली. मग विमानांच्या मागणीची लाट आली तेव्हा उत्पादन एकदम दुप्पट करायला गेले. नवी माणसं अर्धीकच्ची, सुटे भाग वेळेवर नाहीत, आणि ऑक्टोबर १९९७ मध्ये ७३७ आणि ७४७ या विमानांच्या जुळणीचं काम काही आठवडे थांबवायची वेळ आली. हातात ऑर्डरींचा डोंगर असताना! २०२२ च्या उन्हाळ्यात विमानतळांचंही तेच. २०२० मध्ये माणसं सोडली होती, प्रवासी परतले तेव्हा नवी माणसं घ्यायची तर सुरक्षा तपासणी आणि प्रशिक्षण यात आठवडेच्या आठवडे. लंडनच्या हीथ्रो विमानतळाला जुलैपासून दिवसाला एक लाखाहून जास्त प्रवासी निघू द्यायचे नाहीत अशी मर्यादा घालावी लागली.

तीस माणसं घेता येतीलही. पण त्यांना शिकवणार कोण? सुलभाताई, तुमच्याकडे शिकवू शकतील अशी किती माणसं उरलीत ते आधी मोजा. एकाच्या हाताखाली एका वेळी दोन नवे, फार तर तीन. भरतीचा वेग त्यावरून ठरवा, ऑर्डरीवरून नको. जमेल तेवढंच गिऱ्हाइकाला कबूल करा.

ओंजळ | शुक्रवार, सकाळी ७.३०

पहिल्यांदाच लिहितेय इथे. कमी केलेल्यांचा एक ग्रुप असतो, हे कंपन्यांना ठाऊक असतं का? आमचा आहे, ३८ जणांचा. कोणाला कुठे जागा निघाली ते तिथे कळतं, कोणाच्या मुलाच्या फीला कमी पडलं तर तिथेच जमवतो. जुन्या कंपनीतून कोणाला फोन आला की दहा मिनिटांत सगळ्यांना कळतं. काय पगार सांगितला, कुठल्या शब्दांत सांगितलं, सगळं. सुलभाताई, तुमचे तीन फोन ४२ जणांपर्यंत केव्हाच पोहोचले असतील.

म्हणून एकेकाला गुपचूप वेगळा आकडा सांगू नका. आणि आत राहिलेल्यांचा पगार आधी पूर्ववत करा, मगच बाहेर जाहिरात द्या. हा क्रम उलटा झाला तर नवे तीस येतील आणि जुने तीस जातील. आमच्याकडे नेमकं तेच झालं. अमेरिकेत २०२१ मध्ये ४ कोटी ७० लाखांहून जास्त राजीनामे पडले. त्याची कारणं पुष्कळ असतील, पण "वाईट काळात मला कसं वागवलं" हा हिशेब लोक बाजार सुधारला की करतातच. गरज सरो वैद्य मरो, हे लोकांच्या ध्यानात राहतं.

लेथवाला | शुक्रवार, सकाळी ७.४०

ओंजळताई, अगदी बरोबर. आमचाही ग्रुप आहे. पंधरा वर्षं होऊन गेली तरी चालू आहे.

सुलभा_नि | शुक्रवार, रात्री १०.५०

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. सोमवारी संचालकांसमोर बसणार आहे. चक्रधर, तुम्ही सांगितल्यावर मोजलं, शिकवू शकतील अशी सहाच माणसं उरली आहेत. बघू. सांगते नंतर.

बॅच_२००९ | शुक्रवार, रात्री ११.०५

शुभेच्छा, ताई. वाट बघतोय.

सुलभा_नि | तीन आठवड्यांनंतर, रविवार, संध्याकाळी ६.२०

उशीर झाला लिहायला, पण मध्ये श्वास घ्यायला वेळ नव्हता.

संचालकांशी पहिली बैठक वाईट झाली. पगार आधी पूर्ववत करायचा म्हटल्यावर "पैसे अजून हातात कुठे आलेत" असं उत्तर. दुसऱ्या बैठकीला मी रोखठोकांच्या पद्धतीने कामांचा कागद घेऊन गेले. एकाच माणसाला येणारी ३१ कामं, त्यातली अकरा करणारं आज कोणीच नाही. शिवाय गेल्या चार महिन्यांत आपणहून सोडून गेलेल्या नऊ जणांची नावं. त्या कागदाकडे ते बराच वेळ बघत होते.

ठरलं ते असं. कपातीतले सहा टक्के पुढच्या पगारापासून परत, उरलेले सहा चार महिन्यांनी, आणि ही तारीख प्रत्येकाच्या पत्रात लिहून. तीस नाही, आधी बारा माणसं. बाकीची पहिली बारा स्वतंत्रपणे काम करू लागली की. एका गिऱ्हाइकाला मुदत वाढवून मागितली, त्यांनी दिली.

पुढच्या वेळचं काय, यावरही बोलणं झालं. मला लिंकनसारखी हमी हवी होती, ती मिळाली नाही. पण काम कमी झालं तर आधी तास कमी, मग वरच्या पगारांना जास्त टक्के कात्री, आणि माणूस कमी करायची वेळ आलीच तर साठ दिवस आधी सांगायचं, एवढं लेखी मिळालं.

मग फोन केले. ४२ पैकी २९ जणांना, सगळे मी स्वतः. फोन करण्याआधी प्रत्येकाची फाइल उघडून कुठल्या विभागात, किती वर्षं, कोणत्या मशीनवर ते वाचलं. सगळ्यांना एकच आकडा सांगितला. सुरुवातीला आधी माफी मागितली, सामान घ्यायला बरोबर माणूस पाठवला त्याची. अकरा जणांना नोकरी आहे, नऊ जणांनी नको म्हटलं, नऊ येतायत. जिने फोन ठेवला होता तिने या वेळी उचलला, सगळं ऐकून घेतलं, आणि येणार नाही म्हणाली. उरलेल्या तीन जागांसाठी शोधयात्रा यांचा नाव झाकून तपासायचा प्रकार केला. त्यातल्या एकाला तेरा महिन्यांची गॅप आहे.

मेंटेनन्सचे काका पूर्ण वेळ यायला तयार नाहीत. त्यांनी स्वतःचं छोटं दुरुस्तीचं काम सुरू केलंय. आठवड्याला दोन दिवस येऊन दोघांना शिकवणार आहेत, दर त्यांनी सांगितला तो दिला. त्यांचा प्रश्न मी विसरले नव्हते. म्हटलं, पुढच्या वेळी नाव कोणाचं ते आज मी सांगू शकत नाही, पण यादी पगारावर लागणार नाही आणि साठ दिवस आधी कळेल. ते म्हणाले, "ठीक आहे, पण लेखी आणा." आणलं.

काल पहिला दिवस होता त्यांचा. तीन नंबरच्या मशीनपाशी गेले, डोळे मिटून उभे राहिले आणि शेजारच्या पोराला म्हणाले, "ऐक. काय ऐकू येतंय?"

लेथवाला | रविवार, रात्री ८.००

ताई, त्या तीन जागा भरल्या का? आमच्या ग्रुपवर एक चांगला फिटर आहे. दहा महिने घरी बसलाय. नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवतो.

सुलभा_नि | रविवार, रात्री ८.१०

त्या भरल्या, पण दुसऱ्या टप्प्यात फिटर लागणारच आहे. पाठवा. उद्या सकाळी मीच फोन करते.